हिरवा दिवा रात्री का विझतो?

जानेवारीत एका सकाळी काकांचा फोन आला. "आकडे पुन्हा थांबलेत रे. रात्री दोनपासून काहीच नाही."

काकांची हापूसची बाग रत्नागिरीजवळच्या पावस गावाच्या बाजूला सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहे. तिथून समुद्र दिसतो, म्हणजे खारं वारंही तिथवर पोचतं. बागेतल्या पंपाच्या खोलीत आम्ही पत्त्यांच्या कॅटाएवढा एक संगणक-बोर्ड बसवला आहे. दर दहा मिनिटांनी तो हवेचं तापमान आणि आर्द्रता मोजतो, आपल्या कार्डावर लिहून ठेवतो आणि तारेवरून घरच्या राउटरकडे पाठवतो. मोहोराच्या दिवसांत हे आकडे फार कामाचे असतात. रात्रीची थंडी मोहोर आणते, आणि मागून ढगाळ, दमट हवा आली की तुडतुडे आणि भुरी येतात. फवारणी आज करायची की दोन दिवस थांबायचं, हे काका त्या तक्त्यावरून ठरवतात. त्यातला रात्रीचाच भाग गळाला, तर तक्ता असून नसल्यासारखा.

वाय-फाय का नाही, असं बरेच जण विचारतात. पंपाची खोली जांभ्याच्या चिऱ्यांची, घराच्या भिंतीही चिऱ्यांच्या आणि मध्ये सत्तर मीटर झाडी. वाय-फायच्या लहरी पाण्यात मुरतात. ओला जाड दगड आणि रसरशीत पानं यांतून पलीकडे फारसं काही उरत नाही. तांब्याच्या लॅन केबलला मात्र १०० मीटरपर्यंत मुभा असते. कातळ फोडून ती पुरणं परवडणारं नव्हतं, म्हणून झाडांवरून टांगत नेली.

"नेट बंद पडलं" हे वाक्य "अंगात कसकस आहे" याच्यासारखं आहे. त्यातून आजार कळत नाही. तारेच्या जोडणीत तो शोधायची पहिली जागा म्हणजे केबल जिथे खुपसतो त्या सॉकेटवरचे दोन इवलेसे दिवे. बहुतेक बोर्डांवर त्यांतला एक स्थिर पेटतो, तेव्हा त्याचा अर्थ एवढाच, की तारेच्या दोन टोकांच्या चिपांनी एकमेकींना ऐकलं आणि कुठल्या वेगाने बोलायचं ते ठरवलं. दुसरा लुकलुकतो तो माहिती जाऊ-येऊ लागल्यावर. पहिला दिवाच नसेल, तर पत्ते, पासवर्ड, राउटरची सेटिंगं यांत डोकं घालण्यात काही अर्थ नसतो. दिवा आहे आणि तरी काम होत नाही, तेव्हाच वरच्या मजल्यावर जायचं. तिथली एक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. बोर्डाचा नेटवर्कवरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याने राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही आणि शेवटी त्याने स्वतःच एक घेतला, असं समजावं.

हा क्रम मोडला की दिवस वाया जातात. दिवा विझलेला असताना बोर्डावरची सगळी प्रणाली पुन्हा टाकणारी माणसं मी पाहिली आहेत.

आमच्याकडे दिवा नुसता विझलेला नव्हता. काकांनी टॉर्च घेऊन पाहिलं होतं. "पेटतो, तीन-चार सेकंद थांबतो, विझतो, परत पेटतो. आणि दुपारी मात्र छान पेटलेला असतो." हे ऐकून माझा पहिला संशय पंपावर गेला. पंप सुरू होताना विजेचा दाब खाली बसतो. पाच व्होल्टची अपेक्षा असलेल्या बोर्डाला पावणेपाचाहूनही कमी मिळाले, की आधी असे चमत्कार सुरू होतात. पण काका पंप चालवतात सकाळी दहानंतर, आणि दिवा विझायचा मध्यरात्रीनंतर. पंप संशयातून सुटला.

मग बोर्डाचीच डायरी उघडली. लिनक्स या प्रणालीवर चालणारा बोर्ड सुरू झाल्यापासूनची प्रत्येक घटना वेळेसकट नोंदवत असतो. तिथे आधी एक गोष्ट पाहून घेतली. अशा बोर्डावर नेटवर्कचं काम बहुधा दोन ठिकाणी वाटलेलं असतं. मुख्य चिप माहितीचे गठ्ठे बांधते, आणि सॉकेटजवळची दुसरी लहान चिप त्या गठ्ठ्यांचे विजेचे स्पंद करून तारेवर सोडते. मुख्य चिप दोन बारीक वाटांवरून या लहान चिपची विचारपूस करते. लहान चिपला ० ते ३१ मधला एक घर क्रमांक असतो. सुरुवातीला तिला नीट जाग आली नाही किंवा प्रणालीला क्रमांक चुकीचा सांगितला गेला, तर डायरीत "चिप सापडली नाही" अशा अर्थाची ओळ दिसते. मग केबल बदलून काहीच होत नाही. आमची चिप सापडलेली होती, ठणठणीत होती. पुढे मात्र "जोडणी आली", "जोडणी गेली" अशा ओळींची नुसती रांग होती, रात्री दीड-दोनपासून सकाळी नवापर्यंत.

कार्डावर आर्द्रतेचे आकडे शाबूत होते, कारण मोजमाप थांबलेलंच नव्हतं, फक्त पाठवणं थांबलं होतं. मागच्या तीन रात्रींच्या दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. हवा दमट होत गेली की काही वेळाने दिवा डळमळायचा, आणि ऊन चढून हवा कोरडी झाली की सावरायचा. तिन्ही रात्री तसंच.

कोकणात याचं कारण स्वयंपाकघरातच ठेवलेलं असतं. मिठाची बरणी पावसाळ्यात पाणी का सोडते? हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली, की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः त्यात विरघळू लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर साधारण ३३ टक्क्यांनाच ओलं होतं. खाऱ्या वाऱ्याने कुठल्याही उघड्या धातूवर मिठाचं पुट चढतं. दिवसा ते बरंचसं गप्प पडून राहतं, रात्री त्याचं खारं पाणी होतं. आणि खारं पाणी वीज वाहून नेतं.

पण केबलमध्ये आठ तारा आहेत. दिवा पूर्ण न विझता डळमळावा, असं नेमकं कुठे बिघडलं असेल? इथे या केबलची रचना समजून घ्यावी लागते, आणि ती खरोखर सुंदर आहे.

आठ तारा म्हणजे पिळलेल्या चार जोड्या. जोडीतल्या दोन्ही तारांवर एकच संदेश उलटसुलट जातो. एकीवर दाब वाढतो तेव्हा दुसरीवर तेवढाच घटतो, आणि पलीकडची चिप फक्त दोघींमधला फरक वाचते. शेजारून पंपाची वीज गेली, तर तिचा त्रास पिळामुळे दोन्ही तारांना जवळपास सारखाच होतो, आणि फरक काढताना तो आपोआप वजा होतो. तारा पिळण्याची ही युक्ती टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलची, १८८१ च्या पेटंटमधली. १९७३ मध्ये अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेट, म्हणजे तारेने संगणक जोडायची ही पद्धत उभी केली, तेव्हा ते एका जाड सामायिक केबलवर चालायचं. पिळलेल्या जोड्यांवर आलेलं, आज आपण वापरतो ते रूप प्रमाणित झालं १९९० मध्ये.

१०० मेगाबिटच्या वेगाला यांतल्या दोनच जोड्या पुरतात, १, २, ३ आणि ६ या पिनांवरच्या. गिगाबिटला, म्हणजे १००० मेगाबिटच्या वेगाला, चारही लागतात. प्रत्येक जोडीवर सेकंदाला २५ कोटी बिट, आणि तेही दोन्ही दिशांनी एकाच वेळी. म्हणजे प्रत्येक चिप बोलता बोलता ऐकते आणि ऐकलेल्यातून स्वतःचा आवाज वजा करते. मात्र वेग ठरवण्याची सुरुवातीची बोलणी होतात त्या पहिल्या दोन जोड्यांवरच. दर १६ मिलिसेकंदांच्या आसपास दोन्ही टोकं बारीक स्पंदांचा एक झुबका पाठवून सांगतात, मला अमुक अमुक येतं.

आता समजा या दोन जोड्या धडधाकट आहेत आणि उरलेल्या दोनांतली एक आजारी. दोन्ही चिपा बोलतात आणि दोघी म्हणतात, मला गिगाबिट येतं. ठरतं. मग चारही जोड्यांवर काम सुरू करायला जातात, आणि एकीवर धड काही ऐकूच येत नाही. जोडणी तुटते. पुन्हा बोलणी, पुन्हा तोच करार, पुन्हा तोच अपेशी प्रयत्न. काही चिपा थोड्या प्रयत्नांनंतर शहाणपणाने १०० मेगाबिटवर उतरतात, सगळ्या नाही. काकांनी टॉर्चच्या उजेडात पाहिलं ते हेच होतं. त्यांच्या त्या एका वाक्यात निदानाचा अर्धा भाग होता, मला ते जरा उशिराच उमगलं.

दुपारी जाऊन तपासण्यात अर्थ नव्हता, कारण दुपारी आजारच नसायचा. म्हणून त्या रात्री मुक्कामाला गेलो. पहाटे चारला पत्र्यावरून दव ठिबकत होतं आणि दिवा उघडझाप करत होता. बोर्डावर एथटूल नावाची आज्ञावली आहे, तिला केबलची परीक्षा घ्यायला सांगितली. २०२० पासून लिनक्समध्ये ही सोय आहे. मात्र लहान चिपला ती विद्या यावी लागते, आमच्या चिपला येत होती.

ही परीक्षा म्हणजे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरवरचा फिश फाइंडरच. तो पाण्यात आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी यायला लागलेल्या वेळावरून खोली सांगतो. इथे चिप तारेत एक स्पंद सोडते. तार जिथे तुटलेली, दबलेली किंवा खराब असेल, तिथून त्याचा काही भाग उलटा फिरतो. तांब्याच्या केबलमध्ये स्पंद प्रकाशाच्या दोनतृतीयांश वेगाने धावतो, नॅनोसेकंदाला सुमारे २० सेंटिमीटर. पडद्यावर उत्तर आलं: तीन जोड्या ठीक, चौथीत दोष, अंतर सुमारे ४१ मीटर. म्हणजे जाऊन-येऊन ४१० नॅनोसेकंद, सेकंदाचा साधारण चोवीस लाखावा भाग. भाताच्या दाण्याहून फार मोठी नसलेली चिप हे मोजते, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

काकांनी मोजपट्टी धरली आणि आम्ही केबलखालून चालत गेलो. ४१ मीटरवर काजूचं झाड होतं. "अरे, इथे तर जोड आहे," काका म्हणाले. केबल टांगताना लांबी कमी पडली होती, तेव्हा दोन तुकडे जॉइनर घालून जोडले होते आणि वरून प्लॅस्टिकची पिशवी चिकटपट्टीने गुंडाळली होती. पावसापासून वाचावं म्हणून, मीच.

पिशवीने उलटंच केलं. आत शिरलेला ओलावा बाहेर जाईना, आणि रात्री थंडाव्याने त्याचं पाणी होऊन तिथेच साचे. उघडून पाहिलं तर तपकिरी जोडीच्या पिना हिरव्या पडलेल्या. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात आंबट कळकतं, त्यातलीच ही गोष्ट. चांगल्या जॅकच्या पिनांवर सोन्याचा थर असतो, सव्वा मायक्रोमीटरच्या आसपास. स्वस्त मालात तो याच्या कित्येक पट पातळ असतो आणि त्याला बारीक छिद्रं असतात. खारं पाणी त्यातून खालच्या निकेलपर्यंत आणि तांब्यापर्यंत उतरतं.

ब्लेडने एक तार खरवडली, तर वरचा तांबूस रंग गेला आणि आत पांढरी धातू चमकली. अल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल होती ती. बाजारात ती सर्रास मिळते, वजनाला हलकी आणि भावाला निम्मी. अल्युमिनिअम तांब्याच्या सुमारे ६० टक्केच वीज वाहतं, पण आपल्या किनाऱ्यावर त्याहून वाईट गोष्ट वेगळी आहे. जॅकची पिन तारेत रुतते तिथे मुलामा फाटतो, आणि तांबं, अल्युमिनिअम आणि खारं पाणी एकत्र आले की त्यांची आपसूक एक बॅटरी होते. तीत झिजतं ते अल्युमिनिअम, आणि झिजून त्याचा जो पांढरा थर बनतो तो वीज अडवतो.

घेण्याआधी ब्लेडने खरवडून पाहावं. ते जमलं नाही, तर मल्टिमीटरने कळतं. केबलची दोन्ही टोकं सॉकेटांतून काढायची, कारण सॉकेटामागे लहानसे ट्रान्सफॉर्मर असतात आणि त्यांच्यामुळे माप फसवं येतं. मग एका टोकाला जोडीतल्या दोन तारा एकमेकींना जोडायच्या आणि दुसऱ्या टोकाला रोध मोजायचा. नेहमीच्या जाडीच्या शुद्ध तांब्याच्या सत्तर मीटर केबलला बारा ओहमच्या आसपास येतो. अठरा-एकोणीस आला, तर केबल परत करावी.

त्या पहाटे नवीन केबल कुठून आणणार? बोर्डाला सांगून टाकलं, की गिगाबिटचं नावच काढू नकोस, १०० मेगाबिटच येतं म्हण. बोलणी झाली ती चांगल्या दोन जोड्यांवर, आणि कामही त्यांच्यावरच. हिरवा दिवा लागला तो लागलाच. दहा मिनिटांतून एकदा शे-दोनशे बाइट पाठवणाऱ्याला तेवढा वेग कित्येक पटींनी जास्त आहे. कार्डावरचे अडकलेले आकडे भराभर घरी पोचले आणि काकांनी चहा होईपर्यंत तिन्ही रात्रींची थंडी पाहून घेतली.

आठवड्याने शुद्ध तांब्याची, बाहेर टांगायच्या काळ्या जाड आवरणाची केबल आणली. सलग, मध्ये जोड नाही. पंपाच्या खोलीत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ दिला, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं, आत जात नाही. जॅकच्या पिनांवर सिलिकॉन ग्रीसचा हलका हात फिरवला. पिना घट्ट टेकतात तिथून ते बाजूला सरतं, भोवतीची फट मात्र बुजवतं. गिगाबिट पुन्हा सुरू करून पाहिलं, दवाच्या रात्रीही टिकलं. तरी ते १०० वरच ठेवलं आहे. कामापुरत्याच जोड्यांवर भार असावा, असं मला वाटतं.

तांब्याच्या केबलचं एक भय मात्र यातल्या कशानेही जात नाही. सॉकेटामागचे ते ट्रान्सफॉर्मर १५०० व्होल्टपर्यंतचा फरक सोसतील असे केलेले असतात, पण जवळपास पडलेल्या विजेपुढे १५०० म्हणजे काहीच नाही. झाडांवरून टांगलेली सत्तर मीटर तार तिला आयतीच वाट देते. म्हणून मे महिन्यात दुपारी सह्याद्रीकडून गडगडायला लागलं, की काका आधी अंगणात वाळत घातलेली साटं आणि आंबोशी आत घेतात, मग पंपाच्या खोलीत जाऊन केबल सॉकेटातून काढतात आणि खिळ्याला अडकवून ठेवतात. घरच्या राउटरकडचं टोक तोवर काकूंनी काढलेलं असतं.