लार्कस्परचं बी गारव्यालाच का रुजतं?

लार्कस्पर हे हंगामी फुलझाड उगवलं नाही की दोष बियांना दिला जातो. आधी मातीत बोट घालून पाहा. ती कोमट लागली, तर बी रुजणार नाही.

हे झाड मूळचं भूमध्य समुद्राच्या परिसरातलं. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. उन्हाळ्यात रुजलेलं रोप करपणारच, म्हणून बी गारव्याची वाट पाहतं. शिवाय बियातला गर्भ अपुरा वाढलेला असतो. ओल आणि गारवा मिळाल्यावर तो आधी आतल्या आत वाढतो, मग मोड येतो. त्यामुळे उगवायला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढ्यात वाफा उकरून पाहू नका. मातीचं तापमान १० ते १५ अंश सेल्सिअस असावं. थंडी कमी पडत असेल, तर बी ओलसर वाळूत मिसळून दोन आठवडे फ्रिजमध्ये ठेवा आणि मग पेरा.

पेरणी थेट कायमच्या जागी, उन्हात, निचऱ्याच्या मातीत करा. सोटमूळ दुखावलं की रोप खुरटतं, त्यामुळे पुनर्लागवड टाळलेलीच बरी. बी अर्धा सेंटिमीटर मातीखाली पूर्ण झाका, कारण त्याला अंधार लागतो. रोपांना तीन-चार पानं फुटली की २० ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवून विरळणी करा. नको असलेली रोपं उपटू नका, कात्रीने कापा. उपटताना शेजारच्याची मुळं हलतात.

नत्राचा मारा केला की पानं माजतात आणि दांडे लोळतात. कुजलेलं शेणखत पुरे. पानांवर पांढरी भुरी आली तर रोपं दाट झालीत असं समजा. पाणी बुंध्याशी द्या, पण साचू देऊ नका; बुंधा कुजतो.

एक फूल उलटून नीट पाहा. रंगीत पाकळ्या वाटतात ती खरं तर पाच निदलं, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी दलं आहेत. वरच्या निदलाची मागे लांब नळी झालेली असते आणि तिच्या आत खऱ्या पाकळीची मधाची नळी असते. लांब जिभेचे कीटकच तिथवर पोहोचतात.

सगळं झाड विषारी आहे, बिया आणि कोवळी रोपं सर्वांत जास्त. मुलं आणि जनावरं फिरतात तिथे ते लावू नका.

शेंगा तपकिरी होऊन टोकाशी उकलू लागल्या की लगेच काढा, नाहीतर बी सांडतं. ते वाळवून हवाबंद बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवा आणि पुढच्याच हंगामात पेरा. जुन्या बियांची उगवण झपाट्याने घटते.