शरणागतीच्या दिवशीचा लाल रंग

१५ ऑगस्ट १९४५ चा आशियाचा नकाशा रंगवायला घ्या. जपानच्या ताब्यातला मुलूख लाल करायचा. कोरिया लाल, तैवान लाल, सिंगापूर, जावा, पूर्व चीनचा मोठा भाग, सगळं लाल. सम्राटाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली त्या दिवशीही नकाशावर साम्राज्य चांगलं ऐसपैस पसरलेलं दिसतं.

विस्ताराचे नकाशे त्यामानाने सरळ. १८९५ मध्ये चीनकडून तैवान, १९०५ मध्ये रशियाकडून साखालिन बेटाचा ५० अक्षांशाखालचा अर्धा भाग, १९१० मध्ये कोरिया. जपानी नकाशांत हे प्रदेश मायदेशासारखेच लाल छापले जात. १९३२ चं मांचुकुओ (ईशान्य चीनमधला मांचुरिया) मात्र वेगळ्या रंगात, कारण कागदोपत्री ते स्वतंत्र राष्ट्र! दोऱ्या जपानी लष्कराच्याच हातात होत्या, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असावं.

समुद्रात मात्र रंग फारच फसवतो. पहिल्या महायुद्धात जर्मनीकडून घेतलेली प्रशांत महासागरातली मारियाना, कॅरोलाइन आणि मार्शल बेटं नकाशात एकाच लांबलचक रेषेने वेढलेली असतात. पूर्व-पश्चिम पसारा ४,००० किलोमीटरांहून जास्त. त्यातली जमीन मोजली तर साधारण २,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या साडेतीन पट. बाकी नुसतं पाणी. पाण्यावरची सत्ता जहाजांची ये-जा चालू असेपर्यंतच.

म्हणून माझ्या मते ऱ्हासाचा नकाशा जहाजांचा काढायला हवा. युद्धात उतरताना जपानकडे सुमारे ६० लाख टनांची व्यापारी जहाजं होती. मधल्या काळात नवी बांधूनही शेवटी कामाची उरली ती १५ लाख टनांच्या आसपास. बुडालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक अमेरिकी पाणबुड्यांनी बुडवली. सुमात्रा-बोर्निओच्या तेलविहिरी नकाशावर लालच होत्या, पण १९४५ च्या वसंतापर्यंत तिथलं तेल जपानला पोचणं जवळजवळ थांबलं होतं. न्यू गिनीजवळच्या न्यू ब्रिटन बेटावरच्या रबाउल या जपानी तळाला तर दोस्त सैन्य वळसा घालून पुढे निघून गेलं. तिथले हजारो सैनिक रताळी पिकवत शरणागतीपर्यंत अडकून पडले. तोही ठिपका लालच रंगवायचा.

पश्चिमेला हा रंग मणिपूर-नागालँडपर्यंत येऊन थबकतो. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाक गावी ब्रिटिश भारतीय सैन्याच्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियनही लढत होती. तिथे मारल्या गेलेल्या एका जपानी अधिकाऱ्याजवळ नकाशा सापडला. चढाईचा सगळा बेत त्यावर आखलेला. कोहिमावर एखादी तुकडी येईल असा ब्रिटिशांचा अंदाज होता, नकाशावरून कळलं की हजारो सैनिकांची अख्खी डिव्हिजनच निघाली आहे. जपानी वेढ्यातून वाट काढत तो इंफाळला पोचवला गेला.