सूरसागर (बडोदे)

बडोदे शहराच्या ऐन मध्यवस्तीत, दांडिया बाजार आणि न्यायमंदिर यांच्या लगत असलेला, दगडी काठ बांधून काढलेला तलाव. याचे जुने नाव चांद तलाव. दगडी काठाचे सध्याचे बांधकाम अठराव्या शतकातले. पाणी वर्षभर टिकते आणि पावसाळ्यात ते फार चढले, तर तळाशी असलेल्या दारांवाटे विश्वामित्री नदीत सोडता येते. काठालगत गायक मौलाबक्षांच्या 1886 मधील गायनशाळेतून वाढलेले संगीत महाविद्यालय आहे, तर 1896 मधली न्यायमंदिराची इमारत मुळात मंडईसाठी बांधलेली होती.

सूरसागराचे पावित्र्य एखाद्या पुराणोक्त माहात्म्यावर उभे नाही. ते वहिवाटीतून आलेले आहे. मात्र तलाव खोदणे वा बांधणे हेच धर्मशास्त्राने पुण्यकर्म मानले आहे. यज्ञयाग हे ‘इष्ट’ आणि विहीर, बारव, तलाव, धर्मशाळा ही ‘पूर्त’ अशी जोडी सांगितलेली असून, तलाव पुरा झाल्यावर उत्सर्गविधीने त्याचे पाणी सर्व प्राणिमात्रांसाठी सोडले जाते. दुसऱ्याने बांधलेल्या तलावात स्नान करायचे, तर आधी मातीचे पाच गोळे बाहेर काढावेत, असे याज्ञवल्क्यस्मृतीत सांगितले आहे. दोषपरिहार हा त्याचा हेतू खरा, पण स्नानाला येणारा प्रत्येक माणूस ओंजळ-दोन ओंजळी गाळ उपसून जात असेल, तर तलावाचीही त्यात सोयच होती.

आज येथे स्नान नाही. 1892 मध्ये आजव्याच्या जलाशयाचे पाणी नळाने शहरात येऊ लागले आणि तलाव-विहिरींवरचे अवलंबन ओसरले. सूरसागरला जाणे म्हणजे आता पाळीवरून फिरणे आणि कठड्यापाशी थांबून हात जोडणे. तलावाच्या मधोमध 111 फूट उंचीची सर्वेश्वर महादेवाची उभी मूर्ती 2002 मध्ये पूर्ण झाली; 2023 च्या महाशिवरात्रीला तिच्या सुवर्णलेपित रूपाचे लोकार्पण झाले. पाण्यातच उभ्या असलेल्या या देवामुळे दर्शनाची रीतही निराळी झाली आहे. देवळात शिवाची प्रदक्षिणा सोमसूत्र, म्हणजे पिंडीवरचे पाणी वाहून नेणारी पन्हळ, न ओलांडता अर्धीच घालतात. येथे संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालेला माणूस, डावे-उजवे न पाहता, सगळ्या तलावाला वळसा घालून येतो आणि त्याला कोणी हटकत नाही. स्कूटर न थांबवता एक हात छातीशी नेऊन पुढे जाणारेही पुष्कळ. ठाण्याची तलावपाळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही देवदर्शन आणि फेरफटका यांची सरमिसळ अनोळखी वाटणार नाही.

महाशिवरात्रीला प्रतापनगरच्या रणमुक्तेश्वर महादेवापासून निघणारी ‘शिवजी की सवारी’ येथे येऊन थांबते आणि महाआरती होते. त्या रात्री मात्र पाळीवर पाय ठेवायला जागा नसते. 1993 मध्ये या तलावात नौका उलटून मोठी जीवितहानी झाली होती, त्यामुळे जुन्या बडोदेकरांच्या बोलण्यात सूरसागरचा विषय निघाला, की ती आठवणही निघते.

बडोद्यातील मराठी घरांचा या तलावाशी सर्वांत जवळचा संबंध गणपती विसर्जनाचा होता. गायकवाडांबरोबर आलेली ‘दक्षिणी’ कुटुंबे दांडिया बाजार, रावपुरा या भागांत वसली असल्याने सूरसागर हे त्यांचे हाकेच्या अंतरावरचे पाणी. दीड दिवसाचा घरचा गणपती पाटावर घेऊन चालतच यायचे, काठावर उत्तरआरती करायची आणि मूर्ती सोडल्यावर त्या रिकाम्या पाटावर थोडी माती घेऊन घरी परतायचे. स्मृतीने गाळ काढायला सांगितला आणि विसर्जनाने तो भरत गेला. शाडूची माती निदान विरघळे, प्लास्टर तेही करीना. आता शहरात विसर्जनासाठी नवलखीसारख्या ठिकाणी कृत्रिम तलाव केले जातात. दांडिया बाजारातून तिकडे निघालेले काहीजण वाटेत सूरसागरापाशी क्षणभर थांबून, मूर्तीचे तोंड पाण्याकडे करून, मग पुढे जातात.