कोबाल्ट क्लोराइड

कोबाल्ट या संक्रमण धातूचे क्लोराइड. यात कोबाल्टच्या एका अणूमागे क्लोरीनचे दोन अणू असतात. निर्जल (पाणीविरहित) रूप आकाशी निळे असते. नेहमी बाटलीत मिळणाऱ्या गुलाबी-लाल स्फटिकांत मात्र दर रेणूमागे पाण्याचे सहा रेणू असतात.

कोबाल्टचे कार्बोनेट किंवा हायड्रॉक्साइड हायड्रोक्लोरिक अम्लात विरघळवून विद्राव आटवला की हे गुलाबी स्फटिक मिळतात. कार्बोनेट घेतल्यास फेस येतो, म्हणून ते थोडे थोडे टाकावे. हे स्फटिक तापवले की पाणी टप्प्याटप्प्याने जाते. आधी जांभळट झाक दिसते, मग निळी भुकटी उरते. तापलेल्या कोबाल्टवरून क्लोरीन वायू सोडला तर निर्जल रूप थेट तयार होते. ते सुमारे ७३० अंश सेल्सिअसला वितळते. पाण्यात आणि अल्कोहोलातही ते सहज विरघळते.

‘पाणी असले की गुलाबी, गेले की निळे’ हे नेहमीचे स्पष्टीकरण अपुरे आहे. परीक्षानळीतल्या गुलाबी विद्रावात संहत हायड्रोक्लोरिक अम्ल थेंबथेंब सोडून पाहावे. पाणी तिथेच असते, तरी विद्राव जांभळा होत होत गडद निळा होतो. कोबाल्ट आयनाला (विद्युतभारित अणूला) अष्टफलकी, म्हणजे सहा बाजूंनी, घेरून असलेल्या पाण्याच्या सहा रेणूंची जागा चार क्लोराइड आयन घेतात आणि रचना चतुष्फलकी, म्हणजे चार कोपऱ्यांची, होते. ही विक्रिया उष्णताग्राही (उष्णता शोषणारी) आहे, त्यामुळे नळी गरम पाण्यात धरली की निळा रंग वाढतो आणि बर्फात ठेवली की गुलाबी परततो. रासायनिक समतोल डोळ्यांनी दाखवणारा याहून सुंदर प्रयोग सापडणे कठीण. चतुष्फलकी आयन प्रकाश कितीतरी जास्त शोषतो, म्हणून तो थोडा असला तरी निळाच रंग वरचढ ठरतो. निर्जल घन मात्र निळा असूनही त्यात प्रत्येक कोबाल्टभोवती सहा क्लोराइड असतात. ‘निळा म्हणजे चतुष्फलकी’ हा नियम तिथे लावू नये.

अठराव्या शतकात याच्या फिकट विद्रावाचा गुप्त शाई म्हणून बोलबाला झाला. कागदावर जवळजवळ न दिसणारी अक्षरे ऊब लागताच निळी उमटतात आणि दमट हवेत पुन्हा मावळतात. डेसिकेटरमधील (पदार्थ कोरडे ठेवण्याच्या बंद पात्रातील) निळ्या सिलिका जेलमागे, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या दाण्यांमागेही हेच संयुग आहे. पावसाळ्यात कोकणपट्टीतल्या प्रयोगशाळेत ते दाणे लवकर गुलाबी पडतात. भट्टीत सुमारे ११० अंशांवर तापवले की पुन्हा निळे होतात.

हे संयुग विषारी आहे. त्याची धूळ श्वासावाटे गेल्यास कर्करोगाचा धोका असतो आणि त्वचेला अ‍ॅलर्जी होऊ शकते. युरोपीय संघाने २००८ मध्ये त्याचा अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत समावेश केला. त्यामुळे आता कोबाल्टविरहित नारिंगी सिलिका जेल वापरात आले आहे. शाळेत प्रयोग करताना हातमोजे घालावेत आणि उरलेला विद्राव मोरीत ओतू नये.