टाके चिघळले, की संसर्ग हाडापर्यंत गेला?

हृदयाच्या बायपास किंवा झडपेच्या ऑपरेशननंतर छातीच्या जखमेतून पाणी आलं की ‘टाक्यांत पू झाला’ एवढंच म्हटलं जातं. पण या एका वाक्यात दोन वेगळे आजार लपतात. वरवरचा संसर्ग कातडी आणि तिच्याखालच्या चरबीपुरता असतो. तो बहुधा ड्रेसिंग आणि अँटिबायोटिकने आटोक्यात येतो. खोलवरचा संसर्ग छातीच्या मधल्या हाडाला, कधी त्यामागे हृदयाभोवतीच्या जागेलाही धरतो. तो क्वचित होतो, पण जिवावर बेतू शकतो.

फसगत होते ती लालीमुळे. वरवरच्या संसर्गात लाली, धग, सूज सगळं समोर दिसतं. खोलवरच्या संसर्गात कातडी कधी कधी जवळजवळ स्वच्छ असते, फक्त टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून पाणी झिरपत राहतं. म्हणून कातडीइतकंच लक्ष हाडाकडे हवं. ऑपरेशनसाठी उभं कापलेलं हे हाड बहुतेकदा स्टीलच्या तारांनी बांधतात आणि ते जुळायला दोन-तीन महिने लागतात. खोकताना किंवा कुशीवर वळताना तिथे ‘कट्’ वाजलं, हाड सरकल्यासारखं वाटलं, उतरलेलं दुखणं पुन्हा चढलं किंवा थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी सर्जनला दाखवावं. तार सैल झाल्यानेही हाड हलतं, पण ते घरी ठरवता येत नाही. आणि ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नये. वयस्कर माणसांत तो येतोच असं नाही.

दवाखान्यात पू आणि रक्ताचं कल्चर (त्यात कोणते जंतू वाढतात हे पाहणारी तपासणी) होतं, गरज पडली तर सीटी स्कॅन. ऑपरेशननंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत हाडामागे थोडं पाणी, हवा एरवीही दिसते, त्यामुळे नुसत्या रिपोर्टवरून घाबरायचं कारण नाही. संसर्ग खोलवर निघालाच तर बहुधा जखम पुन्हा उघडून साफ करावी लागते. काहींना जखमेतलं पाणी यंत्राने शोषून घेणारं व्हॅक ड्रेसिंग लागतं, काहींमध्ये छातीचा स्नायू वळवून पोकळी भरतात.

प्रतिबंध मात्र दोन्हींचा जवळपास एकच: चिरा देण्याआधीच्या तासाभरात अँटिबायोटिक, केस वस्तऱ्याऐवजी क्लिपरने काढणं, नाकात स्टॅफ (स्टॅफिलोकोकस) जंतू असतील तर ते मारणारं मुपिरोसिन मलम, ऑपरेशनच्या आसपास रक्तातली साखर 180 mg/dLच्या खाली, तंबाखू-सिगारेट बंद. स्तन जड असलेल्या स्त्रियांच्या जखमेवर स्तनांच्या वजनाचा ताण येतो. नीट आधार देणारी ब्रा तो कमी करते. हे कुणी आपणहून सांगितलं नाही, तर घरी जाण्याआधी न लाजता विचारावं.