घरच्या सफरचंदावर तांबे किती चालेल? एका वादाची पार्श्वभूमी

घरी सफरचंदाची एक-दोन झाडे असणाऱ्याला आज मिळणारा जवळजवळ सगळा सल्ला मोठ्या बागांसाठी घडलेला आहे. कळीची हिरवी टोके दिसू लागली की एक फवारणी, पाकळ्या गळल्या की दुसरी, मग दर दहा-बारा दिवसांनी पुढची. हे वेळापत्रक शेकडो एकरांच्या आणि बाजारात बिनडागी फळ विकण्याच्या हिशेबाने बांधले गेले आणि पुढे लहान बाटल्यांत भरून घरबागेपर्यंत पोहोचले. घरच्या झाडाला ते कितपत लागू पडते, हा प्रश्न मागाहून विचारला गेला. त्यातला तांब्याचा वाद, म्हणजे बुरशीच्या रोगांवर फवारलेले आणि मातीत साठत जाणारे तांबे किती वापरावे हा, सर्वांत चिवट ठरला, म्हणून या नोंदीत त्याला जास्त जागा दिली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उपाय हाताचे होते: खोडाची सुटलेली साल खरवडणे, बुंध्याला गवताचे पट्टे बांधून त्यात लपलेल्या अळ्या जाळणे, तंबाखूचे पाणी शिंपणे. १८७० च्या दशकात अमेरिकेत पॅरिस ग्रीन हे तांबे आणि आर्सेनिकचे हिरवे रंगद्रव्य फळात शिरणाऱ्या कोडलिंग पतंगाच्या अळीवर वापरले जाऊ लागले. फ्रान्समध्ये मेडोक भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरांना दूर ठेवण्यासाठी मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि चुना शिंपडत असत. केवडा या द्राक्षाच्या बुरशीरोगाच्या साथीत नेमकी त्याच वेलींची पाने टिकल्याचे १८८२ मध्ये एका प्राध्यापकाच्या लक्षात आले आणि १८८५ मध्ये मोरचूद-चुन्याच्या या मिश्रणाची, म्हणजे बोर्डो मिश्रणाची, कृती प्रसिद्ध झाली. द्राक्षावरून ते सफरचंदावर यायला फार वेळ लागला नाही. पण थंड, ओल्या हवेत बोर्डोने सफरचंदाची पाने करपत आणि फळाची साल खरबरीत होई. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चुना-गंधकाचा काढा सफरचंदाच्या बागांत पुढे आला. तांबे मात्र कळी उघडण्यापूर्वीच्या पहिल्या फवारणीत टिकून राहिले, आणि आजचा वाद तिथूनच सुरू होतो.

त्याआधी लेड आर्सेनेटचा, म्हणजे शिसे आणि आर्सेनिकच्या विषाचा, काळ सांगायला हवा, कारण त्याचे परिणाम आजही जमिनीत आहेत. १८९२ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये जिप्सी पतंगासाठी ते प्रथम वापरले गेले. पॅरिस ग्रीनपेक्षा ते पाने कमी जाळी आणि पानावर जास्त काळ चिकटून राही, त्यामुळे पुढची सुमारे पन्नास वर्षे सफरचंदाचे ते मुख्य कीटकनाशक होते. १९२० च्या दशकाच्या मध्यात ब्रिटनमध्ये आयात सफरचंदांवरच्या आर्सेनिकवरून ओरड झाली. मग फळे पाठवण्यापूर्वी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात धुण्याची पद्धत पडली. १९२८ पर्यंत कोलोरॅडोतल्या अळ्यांवर विषाचा परिणाम कमी झाल्याची नोंदही झाली होती. त्यावर शोधलेले उत्तर होते आणखी फवारण्या. अमेरिकेत या औषधाची शेवटची परवानगी १९८८ मध्ये संपली. शिसे आणि आर्सेनिक मात्र वरच्या मातीतून हलत नाहीत. जुन्या बागा मोडून तिथे घरे झाली, आणि त्या अंगणांत आज भाजी लावणाऱ्याला आधी माती तपासून घ्यावी लागते.

१९४५ नंतर डीडीटी हे कीटकनाशक आले. अळी मेली, पण तिच्याबरोबर ढालकिडे, शिकारी कोळी आणि परोपजीवी गांधीलमाश्याही मेल्या. कालपर्यंत किरकोळ असलेले लाल कोळी आणि लोकरी मावा एकदम डोक्यावर बसले. याच सुमारास कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात झालेले काम मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे वाटते. तिथे खवले कीड का वाढते याचा शोध घेताना बोट गंधकाकडे गेले. पानांवरच्या रोगासाठी मारलेले गंधक खवले किडीचे शत्रू मारत होते. बुरशीसाठी उचललेला पंप किडीचे गणित बिघडवतो, हे तिथे बागेतच दिसले. कीड आणि पानांचे रोग वेगवेगळ्या खात्यांत टाकून घरच्या झाडाचा विचार करता येत नाही, ही समज तिथून आली. पुढे एकात्मिक कीड व्यवस्थापन म्हणून जे रूढ झाले त्याच्या मुळांपैकी हे एक आहे.

पानांच्या रोगांत स्कॅबने, म्हणजे पानांवर आणि फळांवर डाग पाडणाऱ्या बुरशीच्या रोगाने, सगळ्यांना पुरून उरायचे ठरवले होते. भुरी आणि तांबेरा आहेतच, पण फवारणीची वेळापत्रके स्कॅबभोवती बांधली गेली. त्याची बुरशी हिवाळाभर जमिनीवर पडलेल्या पानांत राहते. वसंतात पाऊस पडला की त्या पानांतून बीजाणू हवेत उडतात आणि कोवळ्या पालवीवर बसतात. पान किती तास ओले राहिले आणि तापमान किती होते यावर लागण ठरते. १९४४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात याचा तक्ता छापला गेला: १० अंश सेल्सियसला सुमारे १४ तास ओलावा, उबदार हवेत सुमारे ९ तास. १९८९ मध्ये फेरतपासणी झाली आणि हे तास कमी करण्यात आले, उबदार हवेत सुमारे ६ वर. तारखेऐवजी पाऊस पाहून फवारणी ठरवता येते, हे या तक्त्याने शिकवले. घरच्या माणसाला तर ते फार सोपे आहे, कारण झाड दारातच असते.

तक्ता आला तरी बाजारात जोर नव्या बुरशीनाशकांचा राहिला. १९५० च्या सुमारास कॅप्टान आले, नंतर डोडीन, मग बेनोमिल. १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डोडीनला न जुमानणारी स्कॅबची बुरशी सापडली. बेनोमिल तर काही वर्षांतच निकामी होऊ लागले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हिमाचल प्रदेशात स्कॅबची मोठी साथ आली, तेव्हा सरकारला डागाळलेली फळे विकत घेऊन नष्ट करावी लागली. एकामागून एक औषधे हातची जात असताना तांब्याचे मोल वाढत गेले. तांबे बुरशीच्या पेशीत एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालते, म्हणून स्कॅबला त्याच्यापासून सुटका सापडलेली नाही. तांब्याच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि तो खरा आहे.

आता वादाकडे. सेंद्रिय शेतीच्या नियमांत तांबे सुरुवातीपासून मान्य होते. ते खनिज होते, जुने होते आणि त्याला पर्याय कमी होते. गंधक पावसाने धुऊन जाते आणि कडक उन्हात पाने भाजते. चुना-गंधकाचा वास आणि डाग घराजवळ नकोसे होतात. पण तांबे कुजत नाही, विघटित होत नाही. दर वर्षी जेवढे फवारले तेवढे बहुतांश वरच्या मातीत साठत जाते. युरोपातल्या जुन्या द्राक्षमळ्यांच्या मातीत शंभर-सव्वाशे वर्षांचे तांबे आजही मोजता येते. म्हणून युरोपात सेंद्रिय शेतीसाठी मर्यादा आली: २००२ पासून हेक्टरी वर्षाला ८ किलो तांबे, २००६ पासून ६ किलो. २०१८ च्या अखेरीस पुढचा निर्णय झाला तेव्हा दोन्ही बाजू हट्टाला पेटल्या होत्या. दक्षिणेकडचे द्राक्षबागायतदार म्हणत होते की ओल्या वर्षी ६ किलोही पुरत नाही. उत्तरेकडे नेदरलँड्स आणि डेन्मार्कमध्ये तांब्याला पीकसंरक्षणासाठी परवानगीच नव्हती, आणि तिथले सेंद्रिय सफरचंदवाले गंधक, चुना-गंधक आणि पोटॅशियम बायकार्बोनेटवर उत्पादन घेत होते. शेवटी सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो, म्हणजे सरासरी वर्षाला ४ किलो, अशी तडजोड झाली. ओल्या वर्षी जास्त आणि कोरड्या वर्षी कमी वापरण्याची मुभा त्यात ठेवली गेली.

हा आकडा हेक्टरी असल्याने एका झाडापुरता तो किती होतो हे चटकन कळत नाही. म्हणून हिशेब मांडतो. हेक्टरी ४ किलो म्हणजे चौरस मीटरला ०.४ ग्रॅम तांबे. साडेतीन मीटर व्यासाच्या झाडाखाली सुमारे १० चौरस मीटर जमीन येते, म्हणजे त्या झाडाच्या वाट्याला वर्षभरात ४ ग्रॅम. मोरचुदात तांबे साधारण चौथा हिस्सा असते. १ टक्का बोर्डोच्या एका लिटरमध्ये १० ग्रॅम मोरचूद, म्हणजे अडीच ग्रॅम तांबे. तेव्हा त्या झाडाची वर्षाची मर्यादा सुमारे १.६ लिटर मिश्रणात संपते. एवढे झाड पाने ठिबकेपर्यंत चिंब भिजवायला एका वेळीच याहून जास्त द्रावण लागते. व्यावसायिक बागेत यंत्राने बारीक तुषार पडतात आणि मात्रा मोजलेली असते. घरी पाठीवरच्या पंपाने आपण पान ठिबकेपर्यंत मारतो. सेंद्रिय म्हणून निर्धास्तपणे वर्षातून चार वेळा बोर्डो मारणारा घरबागायतदार नियमांनी बांधलेल्या शेतकऱ्याच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. या निर्णयाच्या चर्चेत हा मुद्दा फार कमी आला, आणि तो यायला हवा होता.

दुसरी गोष्ट गांडुळांची. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या सफरचंदबागांत पाहणी झाली. जिथे मोठी गांडुळे भरपूर होती तिथे हिवाळा संपेपर्यंत गळालेल्या पानांपैकी ९० टक्क्यांहून अधिक पाने त्यांनी जमिनीत ओढून नेली होती. जिथे वर्षानुवर्षे तांबे फवारले गेले होते तिथे ही गांडुळे नाहीशी झाली होती आणि न कुजलेल्या पाल्याची गादी पडून होती. स्कॅबची बुरशी हिवाळा काढते ती याच पाल्यात. ज्या रोगासाठी तांबे मारायचे, त्याचे बीज साफ करणारा जीव तांब्यानेच मरतो. मोजून मारलेल्या एखाद्या फवारणीने गांडुळे संपतात असे म्हणता येणार नाही, तिथे तांब्याच्या बाजूने बोलणारे बरोबर आहेत. पण घरच्या झाडाच्या बाबतीत प्रश्न पन्नास वर्षांच्या साठ्याचा आहे, आणि अंगणातली माती बदलता येत नाही.

पाल्याचा बंदोबस्त हा उपाय मोठ्या बागेत मजुरीमुळे मागे पडला होता. शरदात पानगळीच्या सुमारास ५ टक्के युरिया फवारला तर पाने लवकर कुजतात आणि वसंतातले बीजाणू निम्म्याहून कमी होतात. पाला बारीक चिरून पसरला तरी मोठा फरक पडतो. एका झाडाखालचा पाला गोळा करायला तासभर पुरतो. शेजारी रोगट झाड असेल तर बीजाणू तिथून येतात, तरीही पहिला मारा बहुधा आपल्याच झाडाखालून होतो.

प्रतिकारक वाणांचा मार्ग याहून लांबचा होता. १९१४ मध्ये इलिनॉयमध्ये एका शोभेच्या रानसफरचंदाचा रोम ब्युटी या वाणाशी संकर झाला. त्या पिढ्यांतून स्कॅबला दाद न देणारा एक जनुक हाती आला, आणि १९७० मध्ये प्रायमा हा पहिला वाण बाहेर पडला. १९७८ मध्ये लिबर्टी आला, पुढे अनेक. जवळजवळ सगळे त्या एकाच जनुकावर उभे होते. १९८० च्या दशकात उत्तर जर्मनीत तो जनुक ओलांडणारी बुरशी दिसली. तरी नवे झाड लावणाऱ्यासाठी योग्य वाण निवडणे हा आजही सर्वांत मोठा निर्णय आहे. दर वर्षीची फवारणी त्यातूनच टळते.

किडींच्या बाजूला १९७१ मध्ये कोडलिंग पतंगाच्या मादीचा गंध ओळखला गेला आणि कामगंध सापळे आले. १९९१ पासून अमेरिकेत बागभर गंध सोडून मिलन रोखण्याची पद्धत परवानगीने सुरू झाली. तिला काही हेक्टरांचा सलग पट्टा लागतो. एका झाडावर ती चालत नाही, कारण मिलन झालेली मादी बाहेरून उडून येते. घरी सापळ्यावरून पतंग कधी आले एवढेच कळते, आणि तेवढे कळणेही उपयोगाचे आहे. फळे लहान असतानाच त्यांना पिशव्या बांधणे हा उपाय अळीवर अजूनही उत्तम चालतो.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या ओकानागन खोऱ्यात १९९२ मध्ये वेगळाच मार्ग धरला गेला. किरणोत्साराने वंध्य केलेले पतंग लाखोंनी सोडायचे. त्यांना रंगीत खाद्यावर वाढवत, म्हणजे सापळ्यात रानटी आणि सोडलेले वेगळे ओळखता येत. खर्चात बागायतदारांबरोबर सामान्य घरमालकांचाही कर घेतला गेला, आणि अंगणातले झाड अळीमुक्त ठेवणे किंवा काढून टाकणे बंधनकारक झाले. घरचे झाड हा शेजाऱ्याच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, हे तिथे कायद्याने मान्य झाले. कराबद्दल तिथे कुरकुर होती, पण खोऱ्यात अळीसाठी वापरले जाणारे कीटकनाशक फार मोठ्या प्रमाणात कमी झाले.

अलीकडची भर म्हणजे मार्सोनिना. या बुरशीने पानांवर गडद डाग पडतात, पाने पिवळी होऊन उन्हाळा संपायच्या आत गळतात. जपानमध्ये ती शंभर वर्षांपूर्वीपासून माहीत आहे आणि हिमाचलात १९९० च्या दशकात तिने बागा उघड्या पाडल्या. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये ती २०१० च्या सुमारास दिसली, आणि तिथे तिचा पहिला फटका बसला तो कमी फवारणीच्या बागांना आणि घरच्या झाडांना. स्कॅबला न जुमानणारे वाण लावून पंप बाजूला ठेवलेल्यांचीही पाने गळली, कारण स्कॅबविरोधी जनुकाचा या बुरशीशी काही संबंध नाही. यावर काही ठिकाणी पुन्हा तांब्याची शिफारस होऊ लागली आहे. ही बुरशीही हिवाळा गळालेल्या पानांतच काढते, त्यामुळे शरदात झाडाखालचा पाला उचलण्याचे काम दोन्ही रोगांना एकाच वेळी लागू पडते.