छोट्या विमानातले दारू प्यायलेले प्रवासी

दारू पिऊन विमानात राडा म्हटलं की डोळ्यासमोर मोठं जेट येतं, पण १९ किंवा त्याहून कमी सीटच्या विमानात हाच प्रकार फार वेगळा होतो. अमेरिकेत आणि युरोपात १९ सीटपर्यंत केबिन क्रू ठेवायची सक्ती नाही, म्हणजे ट्विन ऑटरसारख्या विमानात मागे कोणाला जास्त झालीये हे बघायला कोणीच नसतं, पायलटची तर प्रवाशांकडे पाठच असते. कॉकपिटच्या मजबूत, लॉक होणाऱ्या दाराचा आंतरराष्ट्रीय नियमही ६० पेक्षा जास्त सीटच्या किंवा ४५,५०० किलोच्या वरच्या प्रवासी विमानांसाठी आहे. छोट्यात बऱ्याचदा दार सोडा, पडदाही नसतो.

सगळ्यात वाईट पुढची सीट. सेसना १७२ मध्ये चारच जागा, आणि पायलटच्या शेजारी बसलेल्याच्या समोर बहुतेक वेळा दुसरं कंट्रोल व्हील (विमानाचं नाक वर-खाली करणारं चाक) नि पायाशी रडर पेडल (नाक डावी-उजवीकडे वळवणारे) असतात. त्याने भांडायलाच पाहिजे असं नाही, नशेत झोप लागून त्या व्हीलवर पुढे कलंडला तरी पुरे.

शिवाय वजनाचा तोल. टेकऑफच्या आधी कोण कुठे बसणार याचा हिशोब केलेला असतो, त्यात दोन-तीन माणसं उठून एका टोकाला गेली की विमानाचं नाक वर-खाली व्हायला लागतं. २०१० मध्ये काँगोतल्या बांडुंडूजवळ एल-४१० विमान पडून २० जण गेले, वाचलेल्या एकट्या प्रवाशाच्या म्हणण्याप्रमाणे बॅगेतून मगर सुटली आणि सगळे पुढे पळाले. तिथे दारूचा संबंध नव्हता, आणि मगरीच्या गोष्टीबद्दल मतभेदही आहेत, पण गर्दी एका बाजूला सरकली तर काय होऊ शकतं ते कळतं.

उंचीवर दारू जास्त चढते असं सगळेच म्हणतात. खरं तर रक्तातलं अल्कोहोल तेवढंच राहतं, पण १० हजार फुटांवर प्रेशर नसलेल्या केबिनमध्ये मेंदूला ऑक्सिजन कमी मिळतो आणि दोन्हीचा परिणाम एकत्र जाणवतो. टॉयलेट बहुतेक नसतंच, बाकी कल्पना करा.

अमेरिकेचा नियम सरळ आहे, झिंगलेला दिसणारा माणूस इमर्जन्सी सोडून विमानात घ्यायचाच नाही, आणि भाड्याच्या छोट्या विमानात स्वतःची बाटली उघडायची नाही, ऑपरेटरने दिली तरच प्यायची. १९६३ च्या टोकियो करारानुसार कॅप्टन अशा प्रवाशाला बांधून ठेवू शकतो, उतरवू शकतो, पोलिसांकडे देऊ शकतो. हा करार आंतरराष्ट्रीय फ्लाइटसाठी. पण एकटाच पायलट असेल तर बांधणार कोण? करारात इतर प्रवाशांची मदत मागायची सोय आहे, सक्ती मात्र करता येत नाही. याच करारात दुरुस्ती करणाऱ्या २०१४ च्या माँट्रियल प्रोटोकॉलने, जो २०२० पासून लागू झाला, विमान उतरेल त्या देशालाही खटला चालवायचा अधिकार दिला, अर्थात ज्या देशांनी तो मान्य केलाय तिथेच.

हवेत गेल्यावर पायलटच्या हातात फारसं काही उरत नाही, विमान सरळ ठेवायचं, रेडिओवर सांगायचं आणि जवळची धावपट्टी गाठायची. म्हणून खरा निर्णय जमिनीवर, दाराशीच होतो, आणि चार्टरमध्ये अडचण अशी की तिथे पिऊन आलेला माणूस बऱ्याचदा तोच असतो ज्याने अख्ख्या विमानाचे पैसे भरलेत.